निवृत्त नटाचा प्रश्न : ‘नटसम्राट’, ‘स्वान साँग’ आणि झाडीपट्टीची रंगभूमी

पदव्युत्तर वर्गात वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे अध्यापन चालू असता भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला. गणपतराव बेलवलकर निवृत्त का झाले? वर्गात थोडा हशा झाला. प्रस्तुत लेखकाने नाटकाच्या आरंभीच्या सत्कारसमारंभाकडे बोट दाखवून वेळ निभावून नेली. परंतु घरी परतल्यावर लक्षात आले की ते उत्तर नव्हते. सत्कार हे निवृत्तीचे निमित्त झाले. ते तिचे कारण नव्हे. गणपतरावांचा कंठ शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे, देहात रग आहे. नाटकाच्या शेवटच्या अंकापर्यंत हा मनुष्य एकामागून एक भूमिका उभ्या करू शकतो. मग त्याने रंगभूमी सोडली कशासाठी? या नाटकावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. मुलांची कृतघ्नता, म्हाताऱ्यांचे निराधारपण, भाषेचा वैभवशाली आविष्कार, ‘लिअर’शी असलेले नाते, हे सारे विषय पुष्कळदा चर्चिले गेले. हा साधा प्रश्न मात्र आमच्यापैकी बहुतेकांना सुचला नाही. तो साकोलीकडच्या मुलाला सुचला याला काही कारण आहे, आणि त्या कारणापर्यंत पोहोचणे हा या टिपणाचा हेतू आहे.

वृद्ध नटाची कथा जगाच्या वाङ्मयात आणि चित्रपटात नवी नाही. चेकॉव्हने १८८७ साली आपल्याच एका कथेवरून ‘हंसगीत’ ही एकांकी नाटिका रचली. चार्ली चॅप्लिनने १९५२ साली ‘लाइमलाइट’मध्ये ओसरलेल्या विदूषकाची कहाणी सांगितली. सत्यजित राय यांच्या १९६६ च्या ‘नायक’मध्ये मुकुंद लाहिरी हा जुना, दिमाखदार नट एकेकाळी आपण ज्याला झिडकारले त्याच तरुण नटाकडे लहानशा भूमिकेसाठी येतो, चित्रपटात हा प्रसंग काही मिनिटांचाच आहे, पण तो विसरता येत नाही. या साऱ्या कथांचा वरवरचा विषय एकच दिसतो, आणि तो म्हणजे गेलेल्या कीर्तीची पुन्हा प्राप्ती. परंतु बारकाईने पाहता त्यांत एक वेगळाच प्रश्न दडलेला आढळतो. नट परत येतो म्हणजे नेमका कोठे येतो? आणि तो आल्यावर त्याचे ऐकावयास तेथे कोण असते?

चेकॉव्हच्या नाटिकेत या प्रश्नाचे उत्तर इतके थोडक्यात आणि इतक्या निष्ठुरपणे दिले आहे की प्रथम तिचाच विचार करणे श्रेयस्कर होय. स्वेत्लोविदोव हा अडुसष्ट वर्षांचा विनोदी नट. आपल्या सन्मानार्थ झालेल्या खेळानंतर तो मद्याच्या धुंदीत वेषखोलीत झोपी जातो आणि जागा होतो तेव्हा नाट्यगृह रिकामे असते. अंगावर अजून सोंगाचेच कपडे. हातात मेणबत्ती. इतकी वर्षे ज्या प्रेक्षागृहाकडे तो रोज पाहात आला ते प्रथमच त्याला काळोखाने भरलेल्या खड्ड्यासारखे दिसते आणि तो भितो. तेवढ्यात काळोखातून एक पांढरी आकृती पुढे येते. ते भूत नसून म्हातारा प्रॉम्प्टर निकिता असतो. रात्री निजावयास दुसरी जागा नाही म्हणून तो चोरून नाट्यगृहातच झोपत असतो. मालकाला सांगू नका, अशी तो विनवणी करतो. पुढे स्वेत्लोविदोव या एकट्या श्रोत्यासमोर ‘बोरिस गदुनोव’, ‘लिअर’, ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’ यांतील तुकडे म्हणतो आणि क्षणभर त्याला वाटते की जेथे प्रतिभा आहे तेथे वार्धक्य नाही. तो क्षण फार टिकत नाही. आपण आयुष्यभर लोकांची करमणूक करणारा एक विदूषक होतो, आपल्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीनेही रंगभूमी सोडण्याची अट घातली होती, हे त्याला उमगलेले आहेच. निकिता त्याला हाताला धरून नेतो आणि नाटिका संपते.

या नाटिकेवर केनेथ ब्रॅनाने १९९२ साली ‘स्वान साँग’ नावाचा तेवीस मिनिटांचा लघुपट केला. स्वेत्लोविदोवच्या भूमिकेत जॉन गीलगुड आणि निकिताच्या भूमिकेत रिचर्ड ब्रायर्स आहेत. लघुपटांच्या गटात ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले होते. लघुपट या प्रकाराला हा विषय किती मानवतो हे त्यावरून कळते. दीर्घ चित्रपटाला वृद्ध नटाचा भूतकाळ दाखवावा लागतो. तारुण्यातील यश, बायको, मुले, पहिला पराभव, हे सारे ओळीने मांडावे लागते आणि त्या रांगेत नट हरवतो. तेवीस मिनिटांत भूतकाळ दाखविण्यास सवडच नाही. तो जुन्या भूमिकांच्या तुकड्यांतून येईल तेवढाच येतो. एका रात्रीचा अवधी, एक रिकामे घर, दोन माणसे. यापेक्षा अधिक काही या विषयाला लागत नाही, असे आमचे मत आहे.

तथापि या लघुपटात एक मूलगामी दोष आहे, आणि तो गीलगुडच्या थोरवीतून उद्भवलेला आहे. १९०४ साली जन्मलेला हा नट चित्रीकरणाच्या वेळी ऐंशीच्या पुढे गेलेला होता. हॅम्लेट, लिअर, ऑथेल्लो या भूमिका त्याने आयुष्यात खरोखरच केल्या होत्या. हॅम्लेट आणि लिअर तर एकाहून अधिक वेळा. त्यामुळे तो ‘लिअर’मधील ओळी उच्चारू लागला की प्रेक्षकाला एका थोर नटाची स्मरणयात्रा ऐकल्याचा आनंद होतो. चेकॉव्हला हा आनंद अभिप्रेत नव्हता. त्याचा स्वेत्लोविदोव हा गावोगावच्या रंगमंचावर विनोदी सोंगे वठविणारा नट आहे. ज्या भव्य भूमिका आपल्याही वाट्याला यावयास हव्या होत्या असे त्याला वाटते, त्या तो मध्यरात्री एका बेघर प्रॉम्प्टरपुढे करून पाहतो. त्यात प्रतिभा किती आणि मद्य किती हे प्रेक्षकाने ठरवू नये, म्हणजे त्याला ठरविताच येऊ नये, अशी ती रचना आहे. गीलगुडच्या मुखातून तो संदेह नाहीसा होतो आणि संदेहाबरोबर भीतीही. ब्रायर्सचा निकिता त्यामानाने अधिक खरा उतरला आहे. कारण उघड आहे. प्रॉम्प्टरची भूमिका वठविताना नटाला आपली कीर्ती बाजूला ठेवावीच लागते.

येथे एका गोष्टीकडे वाचकाचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. या नाटिकेत नटाला घर आहे, पण तेथे वाट पाहणारे कोणी नाही म्हणून त्याला घरी जावयाचे नाही. आणि प्रॉम्प्टरला घरच नाही. बेलवलकरांना घर होते आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने देऊन टाकले. रंगभूमी आणि घर या दोन टोकांमध्ये वृद्ध नटाची कथा ताणली गेलेली असते. यांपैकी एक टोक निसटले की दुसऱ्यावर भार पडतो.

आता ‘नटसम्राट’कडे वळू. धि गोवा हिंदु असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली २३ डिसेंबर १९७० रोजी हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले. बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी आणि कावेरीची शांता जोग यांनी केली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका पेलली. १९७४ साली या नाटकास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नाटकाच्या जन्माविषयी सर्वश्रुत असलेली हकीगत अशी की, नानासाहेब फाटकांच्या मनात ‘किंग लिअर’ करावयाचे होते आणि त्यांनी शिरवाडकरांकडे रूपांतराची मागणी केली. त्या विचारातून पुढे हे स्वतंत्र नाटक उभे राहिले. म्हणजे या नाटकाच्या मुळाशीच एका उतारवयातील नटाची, नव्या मोठ्या भूमिकेची, तहान आहे! ती तहान नाटकाच्या कथानकात मात्र उलटी होऊन आली. फाटकांना भूमिका हवी होती. बेलवलकर भूमिका सोडतात.

असे का घडले याचे उत्तर ‘लिअर’मध्येच शोधावे लागते. लिअर राज्य देऊन टाकतो. राज्य ही देता येण्यासारखी वस्तू आहे; नकाशावर रेघा ओढून तिचे वाटे करता येतात. आपल्या राजेपणातून तो निवृत्त होतो आणि तेच राजेपण तो मुलींना देतो. त्याची शोकांतिका येथूनच तर्कशुद्ध रीतीने पुढे सरकते. शिरवाडकरांना लिअरसारखे दान हवे होते, म्हणून बेलवलकरही दान करतात. परंतु ते जे देतात आणि ते जे सोडतात या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. ते मुलांना घर आणि पैसा देतात. सोडतात ती रंगभूमी, आणि रंगभूमी कोणाच्या नावे करून देता येत नाही. नंदाला किंवा नलूला ती नकोच आहे. लिअरच्या कथेत एक सिंहासनत्याग आहे. ‘नटसम्राट’मध्ये दोन आहेत आणि नाटककाराने ते एकात मिसळून टाकले आहेत. विद्यार्थ्याच्या प्रश्नाने नेमके या जोडावर बोट ठेवले. घरदार मुलांना का दिले, याचे उत्तर नाटकात आहे: वात्सल्य, भाबडेपणा, सम्राटाचे औदार्य. रंगभूमी का सोडली, याचे उत्तर नाटकात नाही. ते गृहीत धरलेले आहे.

हा जोड उघडा पडल्याने नाटकाचे मोल कमी होते असे आम्ही मानीत नाही. उलट, त्यामुळेच त्याच्या मधल्या अंकांचा अर्थ नीट लागतो. बेलवलकरांना रंगभूमीवर परत जावयाचे आहे असे ते कोठेही म्हणत नाहीत, आणि तरीही ते सतत परत जात असतात. दिवाणखान्यात, नातीशी खेळताना, मुलीच्या घरी, अखेरीस रस्त्यावर, जेथे असतील तेथे ते रंगमंच मांडतात. सुनेला आणि जावयाला त्यांचे जे असह्य होते ते त्यांचे वार्धक्य नसून ही मांडामांड होय. घर हे प्रेक्षागृह नव्हे, ही गोष्ट त्यांना कळत नाही. पत्नीला ते ‘सरकार’ म्हणून हाक मारतात. ही हाक प्रेमाची आहेच, पण ती दरबारातीलही आहे. कावेरी या दरबारातील एकमेव मानकरी आणि एकमेव प्रेक्षक. ती गेल्यावर बेलवलकरांची शोकांतिका खऱ्या अर्थाने पूर्ण होते, आणि पुढचा बूटपॉलिशवाला राजा हा त्यांना पदरात पडलेला शेवटचा श्रोता ठरतो. कृतघ्न अपत्यांचे नाटक म्हणून हे नाटक वाचणाऱ्यास ते अश्रू ढाळावयास लावते. श्रोता गमावलेल्या नटाचे नाटक म्हणून वाचल्यास ते अधिक कठोर आणि, आमच्या मते, अधिक मोठे वाटते. मुले तितकीशी दुष्ट नाहीत, हे शिरवाडकरांना पुरते ठाऊक होते.

महेश मांजरेकर यांनी २०१६ साली केलेल्या चित्रपटात बेलवलकर नाना पाटेकरांनी उभे केले. नाटकात जे सूचित होते ते येथे दृश्य झाले. नट अखेरीस जळालेल्या नाट्यगृहाच्या अवशेषांत येऊन पोहोचतो. दृश्य म्हणून त्याचा परिणाम दांडगा आहे. परंतु नट पुन्हा नाट्यगृहात आणून ठेवल्याने मूळ नाटकातील दाहक गोष्ट, म्हणजे रस्त्यालाच रंगभूमी करावी लागण्याची नामुष्की, बरीचशी शमते. मात्र या चित्रपटाने एक भर घातली आहे आणि तिची थोरवी मान्य केलीच पाहिजे. मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा जुना सहकारी नट विक्रम गोखले यांनी रंगविला. रुग्णालयातील खाटेवर पडलेला रामभाऊ आणि त्याला भेटावयास आलेले गणपतराव यांच्यातील कर्ण-कृष्णाचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. प्रेक्षक कोणी नाही. दोघेही नट आणि दोघेही एकमेकांचे श्रोते. हा प्रसंग चित्रपटातून वेगळा काढला तर चेकॉव्हच्या नाटिकेशी नाते सांगणारा एक स्वयंपूर्ण मराठी लघुपट हाती येईल. गीलगुडच्या लघुपटात जो संदेह हरवला तो येथे टिकून आहे, कारण रामभाऊ हा सम्राट नव्हे. बरोबरीच्या मित्राला मिळाले ते आपल्याला मिळाले नाही याचा सल तो शेवटपर्यंत बाळगतो.

कल्पित नटांकडून प्रत्यक्ष नटाकडे यावयाचे तर बालगंधर्वांचे नाव टाळता येत नाही. १८८८ साली जन्मलेल्या या नटाने १९१३ साली बोडस आणि टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा पाया हलला. कर्जात रुतलेल्या बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त १९३५ साली एकनाथांची भूमिका केली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी स्त्रीभूमिकेत पुन्हा पदार्पण केले आणि तो प्रयत्न फसला. पडद्यावरील पुनरागमन फसले याचे कारण वय हे नव्हे, अंतर हे होय. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यातील अंतरावर जो स्त्रीवेष लोकांना मोहवीत होता, तो कॅमेऱ्याने हातभर अंतरावर आणून ठेवला. ते रंगभूमीकडे परतले आणि पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. या उत्तरकाळाविषयी आपले लेखक हळहळीच्या सुरात लिहितात. आम्हांस त्यात हळहळण्यासारखे जितके दिसते तितकेच एका गोष्टीचे समाधानही वाटते. हा नट निवृत्त झाला नाही. गाणे ऐकावयास लोक येत होते तोवर तो उभा राहिला.

आता साकोलीकडच्या मुलाकडे यावयास हरकत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. बोली आणि नाटक मात्र वेगळे झाले नाहीत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या संशोधनामुळे झाडीबोली आणि इकडील दंडार यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. येथील नाटकाचे वेळापत्रक धानाचे आहे. हलके धान निघाले, दिवाळी झाली, की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. लेकी-जावई येतात, शिंगाडे, ऊस, खेळणी यांची दुकाने लागतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत होते आणि रात्री नाटक. हे नाटक दहाच्या पुढे कधीतरी सुरू होते आणि तांबडे फुटेपर्यंत चालते. पेटी-तबल्याच्या जागी ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले, पण गाणे आजही प्रत्यक्ष गायले जाते आणि ‘वन्स मोअर’ही प्रत्यक्षच मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाटक कंपन्यांचे केंद्र. गावची मंडळे तेथे जाऊन नाटक ठरवितात. होळीच्या सुमारास हंगाम ओसरतो आणि नट शेतावर परततात.

या रचनेत निवृत्ती ही घटनाच संभवत नाही. दंडारीतला नट आठ-नऊ महिने शेतकरी, मजूर, शिंपी किंवा शिक्षक असतो. दरवर्षी तो रंगभूमी सोडतो आणि दरवर्षी परत येतो. पुनरागमन ही त्याच्या आयुष्यातील एकमेव, नाट्यमय घटना नव्हे. ती कार्तिकात यावयाचीच. त्याला घर आणि रंगभूमी यांत निवड करावी लागत नाही, कारण मंच त्याच्या गावातच, कापणी झालेल्या बांधीत, काही तासांसाठी उभा राहतो आणि सकाळी मोडला जातो. बेलवलकर दिवाणखान्याला रंगमंच करतात तेव्हा घरच्यांना ते वेड वाटते. येथे शेताचाच रंगमंच होतो आणि त्यासाठी गाव वर्गणी देते. ज्या मुलाने असे जग पाहिले त्याला चांगल्या प्रकृतीचा नट सत्कार घेऊन घरी बसतो हे कथानक समजू नये, यात नवल ते काय? गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना झाडीपट्टीवरील अभिनयासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागातील लोकांना आनंद झाला. पण आता ते थांबतील असे कोणाच्या मनात आले असेल, असे वाटत नाही.

परंतु येथेच थांबून झाडीपट्टीला वृद्ध नटाचे नंदनवन ठरविणे ही मोठी चूक होईल. शहरी समीक्षकांकडून ती वारंवार होते. दंडार वेगळी आणि कंपनीचे रात्रीचे नाटक वेगळे. कंपनीचे नाटक हा व्यवसाय आहे. नट रात्रीच्या हिशेबाने पैसे घेतो, दिवसा टेंपोत झोपतो आणि दुसऱ्या गावी उभा राहतो. मुंबई-पुण्याच्या चित्रपटांत आणि मालिकांत दिसलेल्या चेहऱ्यांना भित्तिपत्रकावर मोठे स्थान असते. पडद्यावरचे काम आटलेले काही कलावंत या हंगामात इकडे येतात आणि येथील प्रेक्षक त्यांना मनापासून दाद देतो. म्हणजे पुनरागमनाची इच्छा धरणाऱ्या शहरी नटाला झाडीपट्टी हात देते. पण त्याच भित्तिपत्रकावर स्थानिक म्हाताऱ्या नटाचे नाव खाली सरकते आणि एके वर्षी दिसेनासे होते. सत्कार झाला नाही, निवृत्ती झाली नाही, केवळ बोलावणे आले नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे आणि तिच्यासाठी वयाची अट पन्नाशीची आहे. धानाच्या बांधीत पन्नाशीच्या माणसाला कोणी म्हातारा म्हणत नाही. २०२० च्या साथीत हंगाम कोलमडला, तेव्हा या फरकाची झळ किती खोल आहे हे दिसून आले. ज्याच्याकडे शेत होते तो शेतावर गेला. ज्याने नाटकालाच शेत मानले होते त्याच्याजवळ काही उरले नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. त्याच्या आजोबांच्या पिढीच्या दंडारीपुढे बेलवलकरांची निवृत्ती अनाकलनीय आहे. त्याच्या स्वतःच्या पिढीच्या कंपनीपुढे ती आकळू लागली आहे, आणि ‘नटसम्राट’ भंडाऱ्यात आजवर शहरवासीयांची गोष्ट म्हणून वाचले गेले तरी यापुढे तसे वाचता येईलच असे नाही. तृषांत इंगळे यांच्या २०२२ च्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने ही रंगभूमी पडद्यावर आणली. त्याचे स्वागत योग्यच होते. परंतु वृद्ध नटाचा विषय घेऊन येथे कोणी लघुपट करू म्हणेल, तर त्याला चेकॉव्हचे रिकामे नाट्यगृह मिळणार नाही, मांजरेकरांचे जळालेलेही नाही. पहाटे पाच वाजता खेळ संपतो आणि सात वाजता तेथे बांबू, दोर आणि तुडवलेले तणस एवढेच असते. नटाला मध्यरात्री एकटे सापडावे अशी जागाच या रंगभूमीत नाही. त्याला प्रॉम्प्टर मात्र मिळेल.

शहरातून प्रॉम्प्टर हा माणूस जवळजवळ नाहीसा झाला. झाडीपट्टीत तो आहे, कारण नाटके पुष्कळ, तालमीचे दिवस थोडे आणि नट एका हंगामात अनेक संहिता तोंडाशी बाळगून असतात. मागील काही वर्षांत मंडईच्या दिवसांत या भागात फिरताना असे आढळले की या जागेवर बसलेला मनुष्य पुष्कळदा जुना नट असतो. नायक, मग खलनायक, मग नायकाचा बाप, आणि मग हातात वही. लाखनीच्या पलीकडील एका गावी अशा एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. एकेकाळी ते स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते असे गावकऱ्यांनी सांगितले. ते स्वतः त्याविषयी फारसे बोलले नाहीत. पुन्हा उभे राहावेसे वाटते का, असे विचारल्यावर त्यांनी प्रथम धानाच्या भावाची चौकशी केली. मग म्हणाले की मंचाची शिडी आता गुडघ्यांना चढवत नाही. थोड्या वेळाने आपण होऊन त्यांनी एक कबुली दिली. नायक वाक्य चुकला की आपल्याला राहवत नाही, आवाज जरा मोठा निघतो, पहिल्या दोन रांगांना ऐकू जातो. त्यावरून मालक रागावतात. त्या रात्री दुसऱ्या अंकात तसे झाले. वाक्य नायकाच्या आधी खालून आले, पूर्ण सुरात, बाईच्या आवाजात. पुढच्या रांगेतील काही म्हाताऱ्या बायका मंचाकडे न पाहता त्या आवाजाकडे पाहू लागल्या.